पद्मिनी तापली की बंद पडते, अर्धा तास सुरूच होत नाही. करंटचं दुखणं की पेट्रोलचं?

घाटरस्ता

गाडी पद्मिनी, १९८९ चं मॉडेल, पेट्रोल. डेलको (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जुनाच, पॉईंट-कंडेन्सरचा, म्हणजे कॉईलचा करंट उघडझाप करून तोडणाऱ्या टोकांचा. कार्ब (कार्बोरेटर) सोलेक्स, पेट्रोल पंप इंजिनवरचा मेकॅनिकल.

सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. हायवेला ३०-४० किमी झाले आणि त्यात चढ लागला की दोन-तीन हिसके देऊन बंद. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताना तर हमखास. मग सेल्फ दणदणीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. तापमानाचा काटा मध्यावरच असतो.

आतापर्यंत चारही प्लग, बॅटरी, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदललाय. कॉईल वर्षापूर्वीच नवी टाकली आहे. एक मेकॅनिक म्हणतो पंपात वाफ धरते, दुसरा म्हणतो डेलकोच काढा आणि इलेक्ट्रॉनिक बसवा. खर्चाला ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय आता एकही पार्ट बदलायचा नाही. सुरुवात कुठून करू?

सोळा_थाऊ

डेलको तूर्तास राहू द्या. तुमची तपासणी त्या बंद पडलेल्या अर्ध्या तासातच व्हायला हवी. गॅरेजमध्ये थंड गाडी बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार, म्हणून तर दोन मेकॅनिकची दोन मतं झाली.

डिकीत एवढं ठेवा: एक जादा प्लग, १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब दोन लांब वायरी आणि क्लिपांसह, मल्टिमीटर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), जम्पर केबल, दोन सुती फडकी, पाण्याची बाटली. जादा प्लगची बाहेरची दांडी वाकवून गॅप ५-६ मिमी करून ठेवा. नेहमीच्या ०.६ मिमी गॅपवर उघड्या हवेत मेलेली कॉईलही ठिणगी टाकते आणि आपण फसतो. सिलिंडरमध्ये दाबाखाली ठिणगी पडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ५-६ मिमी उडी मारली तरच कॉईलमध्ये दम आहे असं समजा.

गाडी बंद पडली की न्यूट्रल, हँडब्रेक, चावी बंद. आधी पेट्रोल बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बच्या घशात टॉर्चचा उजेड टाका आणि ॲक्सिलरेटरचा लिव्हर हाताने एकदाच दाबा. पेट्रोलची ठसठशीत धार दिसली तर फ्लोट चेंबर भरलेला आहे. नुसते थेंब आले किंवा काहीच आलं नाही तर पेट्रोलकडे वळा. सेल्फ फिरत असताना मात्र घशात डोकावू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट तोंडावर येते.

मग करंट. फिल्टरचं झाकण परत लावा. कॉईलपासून डेलकोच्या मध्यावर येणारी जाड वायर कॅपमधून उपसा आणि तिच्यात तो जादा प्लग खोचा. प्लगचं अंग जम्पर केबलने इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला जोडा, कार्बपासून लांब. हातात धरू नका. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

निळसर-पांढरी ठिणगी आली आणि चट-चट आवाज ऐकू आला तर कॉईल, पॉईंट, कंडेन्सर तिन्ही सुटले. दोष पुढे आहे: रोटर, कॅप, प्लग वायरी. लालसर, दोऱ्यासारखी, मधूनमधून चुकणारी ठिणगी आली तर कॉईल किंवा कंडेन्सर. अजिबात आलीच नाही तर बल्ब काढा.

बल्बचं एक टोक अर्थला (इंजिनच्या उघड्या लोखंडाला), दुसरं कॉईलच्या 'एसडब्ल्यू', म्हणजे चावीकडून करंट येणाऱ्या स्क्रूला (नव्या कॉईलवर अधिकचं चिन्ह असतं). चावी चालू केल्यावर बल्ब लागला पाहिजे आणि सेल्फ फिरतानाही विझता कामा नये. विझत असेल तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत. आता तेच टोक 'सीबी', म्हणजे पॉईंटकडे जाणाऱ्या स्क्रूला लावा आणि सेल्फ मारा. बल्ब उघडझाप करत असेल तर पॉईंट काम करतोय. सतत लागून राहिला तर पॉईंट मिटतच नाही: गॅप फार मोठी आहे, टोकांवर तेल-काजळी आहे, नाहीतर डेलकोच्या आतली वायर तुटली आहे. आणि एसडब्ल्यूवर करंट असून सीबीवर बल्ब लागतच नसेल तर पॉईंट चिकटलाय, कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय, नाहीतर कॉईलच आतून तुटली आहे. सीबीवरची डेलकोकडे जाणारी वायर सोडा. बल्ब लागला तर दोष डेलकोच्या आत, नाही लागला तर कॉईल गेली.

कार्बवाला

पेट्रोलची बाजू सोडू नका. दोन-तीन हिसके देऊन बंद पडते म्हणताय. इग्निशन एकदम गेलं तर गाडी चावी काढल्यासारखी बंद होते. पेट्रोल कमी पडलं तर आधी चढावर ओढ जाते, मग हिसके. तुमचं वर्णन दोन्हीच्या मध्ये बसतंय.

मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला. टाकी मागे, म्हणजे पंप लांबून पेट्रोल खेचतो आणि खेचणाऱ्या बाजूला दाब कमी असल्यामुळे तिथे पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंपाचा पडदा वाफेलाच दाबत बसतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वेग कमी, उष्णता जास्त. पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि पाच मिनिटं थांबा. लगेच सुरू झाली तर वाफच.

बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकणही एकदा उघडून बघा. आत हवा शिरल्याचा सुस्स आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. ते उघडं झालं की खर्च शून्य.

आणि रबर तपासा. आताचं पेट्रोल ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, जुन्या नळ्या आणि पंपाचा जुना पडदा त्यात फुगतात, मऊ पडतात. नळीतून बाहेर पेट्रोल गळत नसलं तरी बारीक चीर पडली की पंप तिथून हवा ओढतो. बाहेरून काहीच दिसत नाही. इथेनॉलला चालणारी नळी घ्या, क्लिप नव्या लावा.

सोळा_थाऊ

कार्बवाल्यांचं बरोबर आहे, फडक्याची युक्ती जरूर करा. फक्त एका वेळी एकच. पंपावर ओलं फडकं, कॉईलवर ओलं फडकं, वर पंधरा मिनिटं विश्रांती असं एकदम केलंत तर गाडी सुरू होईल, पण कशाने झाली ते कळणार नाही. पहिल्या खेपेला ठिणगी बघा. ठिणगी मेलेली असेल तरच कॉईलच्या पत्र्याच्या अंगावर ओलं फडकं ठेवा, चावी बंद करून. वरच्या काळ्या डोक्यावर पाणी नको. अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटांत सुरू झाली तर चोर सापडला.

कॉईल वर्षापूर्वीची आहे म्हणून तिला सोडताय, ते मला पटत नाही. ती कोणती बसवली आहे? तिचा रेझिस्टन्स मोजा. दोन्ही बारक्या स्क्रूंवरच्या वायरी सोडून मीटर २०० ओहमवर लावा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करायचा.

घाटरस्ता

काल मुद्दाम घाटात नेली. माथ्याच्या अलीकडे बंद पडली, सांगितलं त्याच क्रमाने बघितलं.

कार्बमध्ये धार व्यवस्थित. टाकीच्या झाकणाला आवाज नाही. जादा प्लगवर ठिणगी लालसर, पाच-सहा फेऱ्यांत एखादी. बल्ब एसडब्ल्यूवर लागलेला राहिला, सीबीवर उघडझाप करत होता. कॉईलवर हात एक सेकंदही ठेववेना. तिच्यावर ओलं फडकं ठेवलं, आठव्या मिनिटाला गाडी सुरू.

घरी येऊन पूर्ण थंड झाल्यावर मोजलं: मीटर १.९ दाखवतो, पिना टेकवल्यावर ०.३. म्हणजे १.६ ओहम. पॉईंट काढून बघितला. दोन्ही टोकं निळी-काळी पडली आहेत, एकावर टोकदार उंचवटा आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा.

सोळा_थाऊ

मिळालं. १.६ ओहमची कॉईल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉईलच्या लाइनमध्ये करंट कमी करायला लावलेला रेझिस्टर) वापरायची असते. बॅलास्टशिवाय चालणारी १२ व्होल्टची कॉईल ३ ओहमच्या आसपास असते. दिसायला दोन्ही सारख्या, दुकानदारही हातात येईल ती देतात.

हिशेब करा. ३ ओहमला १२ व्होल्ट दिले की पॉईंट मिटलेला असताना ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट. १.६ ओहमला साडेसात अँपिअर, म्हणजे ९० वॅट. इंजिन चालू असताना पॉईंट उघडझाप करतो म्हणून प्रत्यक्षात कमी, पण प्रमाण हेच राहतं. एवढी उष्णता कॉईलच्या डब्यातून बाहेर पडत नाही. आतल्या तारेवरचं इनॅमल मऊ होतं, वेढे एकमेकांना टेकतात आणि व्होल्टेज पडतं. सपाटीवर तेवढं पुरतं. चढावर थ्रॉटल उघडा, सिलिंडरमध्ये दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे ती कमी पडते. म्हणून आधी हिसके आणि मग बंद. थंड झाली की वेढे पुन्हा सुटतात. तोच जादा करंट पॉईंटवरून जातो, म्हणून ती टोकं जळाली.

कॉईल घेण्याआधी एक खात्री करा. पॉईंट मिटलेला ठेवून चावी चालू, मीटर व्होल्टवर, एसडब्ल्यू आणि अर्थ. जवळपास बॅटरीएवढे व्होल्ट आले तर लाइनमध्ये बॅलास्ट नाही. ६-७ आले तर कुठेतरी आहे. दहा सेकंदांत मोजून चावी बंद करा. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवय असेल तर तीही सोडा, कॉईल तशीच शिजते.

बॅलास्ट नसेल तर ३ ओहमची कॉईल घ्या. दुकानातच मीटर लावून मोजून घ्या, डब्यावरच्या छपाईवर जाऊ नका.

घाटरस्ता

चावी चालू केल्यावर ११.९ व्होल्ट, म्हणजे बॅलास्ट नाही. ३.१ ओहमची कॉईल मोजून आणली. पॉईंट घासून वापरू की नवा टाकू? आणि टायमिंग?

सोळा_थाऊ

निळा पडलेला पॉईंट घासून चालत नाही, नवा टाका, सोबत कंडेन्सरही. एका टोकावर उंचवटा आणि समोर खड्डा पडतो तेव्हा कंडेन्सरचीही शंका घ्यावी लागते. साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅराडचा लागतो. त्याचा स्क्रू घट्ट हवा, कारण त्याचा अर्थ त्याच्या अंगातूनच जातो. जुना काढाल तो डिकीत जपून ठेवा. अडीअडचणीला कंडेन्सर बाहेर, कॉईलच्या सीबी स्क्रूला जोडून आणि पत्रा अर्थला आवळूनही गाडी घरी येते.

नव्या पॉईंटच्या टोकांवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या. इंजिन हाताने फिरवून फायबरची टाच कॅमच्या उंच कोपऱ्यावर आणा, मगच गॅप लावा: ०.४० मिमी, म्हणजे सोळा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). गेजची पट्टी हलकी घासत निघाली पाहिजे. गेजला तेल असतं, म्हणून शेवटी कोरा कागद टोकांमधून ओढून घ्या. कॅमवर काडीच्या गुलाएवढं ग्रीस, जास्त नको. उडालेलं ग्रीस टोकांवर बसलं की पुन्हा हेच दुखणं.

डेलको उघडलाच आहे तर आतली सीबीची बारीक वायर आणि प्लेटची अर्थची वेणी बोटाने हलवून बघा. डेलकोला व्हॅक्यूमची नळी असेल तर प्लेट सतत थोडी फिरते आणि ही वायर तिथेच, कव्हरच्या आत तुटते. कव्हर शाबूत, आत दोन-तीन तारा शिल्लक. ओढून बघितली की रबरासारखी ताणते. कॅपमधला कार्बन आणि त्याची स्प्रिंगही दाबून बघा.

टायमिंग गॅपनंतर, आधी नाही. गॅप वाढली की टायमिंग पुढे सरकतं, कमी झाली की मागे पडतं. पुलीची खूण जुळवा, रोटर एक नंबरच्या टोकाकडे हवा. बल्ब सीबी आणि अर्थमध्ये लावा, चावी चालू. डेलकोचा बोल्ट ढिला करून आधी तो रोटर फिरतो त्याच दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने सावकाश. बल्ब पेटेल त्या क्षणी थांबा आणि बोल्ट आवळा. वायरी काढल्या असतील तर फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

लाल_दिवा

मध्येच विचारतो. आमच्या पद्मिनीला करंट चांगला आहे, पण तापल्यावर सेल्फच जड फिरतो. हाही इग्निशनचाच प्रकार का?

कार्बवाला

नाही, वेगळा आहे. मीटर २ व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर), दुसरी इंजिन ब्लॉकवर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी काढून दोन्ही बाजू चकचकीत घासा. तसंच पॉझिटिव्ह पोल ते सेल्फचा जाड स्क्रू. दोन्हीकडे ठीक निघालं तर सेल्फ उतरवा, बुश आणि कार्बन बघा. टायमिंग फार पुढे असलं तरी तापल्यावर सेल्फ अडखळून मागे झटका देतो, म्हणून वर सांगितलेली बल्बची पद्धत तुम्हीही करून घ्या.

घाटरस्ता

कॉईल, पॉईंट, कंडेन्सर बसवले. जादा प्लगवर आता निळी ठिणगी, आवाज बॉनेटबाहेर ऐकू येतो. दोनदा घाट चढून आलो, एकदा भर दुपारी. कॉईलवर हात ठेवता येतो. आतली वेणीही अर्धी तुटलेली निघाली, तीही बदलली.

सोळा_थाऊ

छान. नव्या पॉईंटची टाच सुरुवातीला झिजते आणि गॅप आपोआप कमी होते. ५०० किमी झाले की पुन्हा फिलर घाला, सोळा थाऊ करा आणि बल्ब लावून टायमिंग परत बघा. काढलेल्या कॉईलवर ठळक खूण करून ठेवा, चुकून परत बसायची.