चूक झाली तर?

‘मानवाधिकार फक्त गुन्हेगारालाच का?’ हा फाशीच्या विरोधकांना विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. ज्यांचं माणूस मारलं गेलं, त्यांचं दुःख मलाही कळतं. पण भलत्यालाच लटकवून त्यांना न्याय कसा मिळेल? आपल्याच राज्यातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा ठोठावली. तिघांची तर जन्मठेप वाढवून फाशी केली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अटकेपासून सोळा वर्षं तुरुंगात गेली हो त्यांची! प्रत्येकी पाच लाख भरपाई. ठाण्यात कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना कैद्यांना भेटायला आलेल्या, मांडीवर कपड्यांची पिशवी घट्ट धरून बसलेल्या म्हाताऱ्या दिसतात, तेव्हा हेच आठवतं. फाशी झाली असती तर ते पाच लाख कुणाच्या हातावर ठेवले असते?