‘विद्राव्य प्राणवायू’ की ‘विरघळलेला प्राणवायू’?

प्रश्न : नदीच्या पाण्याच्या तपासणीविषयीचा एक मजकूर मराठीत आणताना अडखळलो आहे. माशांसाठी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे त्यात आहे. त्यासाठी कुठे ‘विद्राव्य प्राणवायू’ असे लिहिलेले दिसते, कुठे ‘विरघळलेला प्राणवायू’. पहिला शब्द आटोपशीर वाटतो. दोन्ही चालतील का? शिवाय मथळ्यात ‘मत्स्ययोग्य पाणी’ असे लिहावे का?

उत्तर : माझ्या मते पहिला चालणार नाही. पेय म्हणजे पिण्याजोगे, भेद्य म्हणजे भेदता येण्याजोगे, तसे विद्राव्य म्हणजे विरघळू शकेल असे. शेतकरी ‘विद्राव्य खत’ विकत आणतो तेव्हा पिशवीतली भुकटी कोरडी खडखडीत असते, तरीही ती विद्राव्यच असते. टाकीत ओतून ढवळल्यावर ती विरघळलेली होते. आपल्या मजकुरात हा भेद नुसता व्याकरणाचा राहत नाही. गोड्या पाण्यात हवेतला प्राणवायू २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो. हे आकडे विद्राव्यतेचे आहेत, म्हणजे किती मावेल एवढेच ते सांगतात. प्रत्यक्षात किती उरला आहे, हे पाण्यात काय सोडले जाते यावर ठरते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवणारे सूक्ष्मजीव प्राणवायू वापरून टाकतात, आणि पाणी बंधाऱ्याला तुंबलेले असेल तर त्याची भरपाईही संथ होते. पंचगंगेत मासे पृष्ठभागावर येऊन तडफडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या दिवशीही तेथील पाण्यात प्राणवायूची विद्राव्यता तापमानानुसार असायची तेवढीच असते, संपलेला असतो तो विरघळलेला प्राणवायू. आटोपशीरपणासाठी अर्थ उलटवू नये.

त्याच मजकुरात आणखी एक खाचखळगा भेटेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मासे यांच्या वाढीसाठीचे पाणी चौथ्या वर्गात येते. त्याचे निकष तीन आहेत : सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबात १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. यातला ‘मुक्त अमोनिया’ घाईत ‘अमोनियामुक्त’ झाला की विषारी पाणी निर्धोक ठरते. (हागणदारीमुक्त, तंटामुक्त अशा शब्दांनी आपल्या कानांना ही सवय लावली आहे.) येथे ‘मुक्त’ म्हणजे अमोनियम आयनाच्या रूपात न गेलेला, सामू आणि तापमान वाढले की त्याचा वाटा वाढतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना बाधतो. पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात हे सांगून टाकावे.

दुसरे उत्तर : वरील विवेचन मान्य आहे. ‘मत्स्ययोग्य’विषयी माझी हरकत अशी की, कोणता मासा हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला धड अर्थ येत नाही. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतूनच श्वास घेते, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या डबक्यातही ती तगते. उजनीत मुबलक मिळणारी चिलापीही बरेच सोसते. याउलट खडस हा वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. ‘नदीत मासे आहेत, म्हणजे पाणी चांगले आहे’ हे विधान मरळ आणि चिलापी पाहून केले असेल, तर त्यातून पाण्याविषयी फारसे कळत नाही. मथळ्यात ‘माशांच्या वाढीस योग्य पाणी’ असे लिहून खाली तिन्ही निकष आकड्यांसह द्यावेत. त्या वर्गाच्या नावात माशांची वाढच अपेक्षित आहे, आणि ‘मत्स्ययोग्य’ म्हटले की वाचक नुसते जिवंत राहणे समजतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘विरघळलेला प्राणवायू’ आणि ‘माशांच्या वाढीस योग्य’ हेच ठेवतो. मुक्त अमोनियाच्या ओळीत मात्र मी खरोखरच ‘अमोनियामुक्त’ लिहून ठेवले होते; ते आत्ताच खोडले.