'वुमन ऑन द रन' यूट्यूबवर फुकट आहे, तरी रिस्टोअर केलेली ब्लू-रे घ्यावी का?

नाशिकचा_निशाचर
मंडळी एक सल्ला हवाय. परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर 'वुमन ऑन द रन' नावाचा 1950चा ब्लॅक अँड व्हाइट क्राइम थ्रिलर लावला, नाव आधी कधी ऐकलं नव्हतं, ॲन शेरिडन आहे आणि दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर. नवरा रात्री कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतो, डोळ्यांदेखत खून होतो, पोलीस म्हणतात साक्ष द्यायला लागेल, आणि हा पठ्ठ्या तिथून पसार. मग बायको त्याला शोधत अख्खं सॅन फ्रान्सिस्को पालथं घालते. पण प्रिंट काय बेकार, रात्रीचे सीन म्हणजे नुसता कोळसा, माणूस कुठला नि भिंत कुठली कळत नाही, आवाज तर माठात तोंड घालून बोलल्यासारखा. तरी शेवटपर्यंत बघितला म्हणजे पिक्चरमध्ये दम असणारच. आता कळतंय की फ्लिकर ॲली नावाच्या अमेरिकन कंपनीने 2016 साली याची रिस्टोअर केलेली ब्लू-रे काढलीये. घरून आलेला प्रश्न असा की बघून झालाय ना, मग पैसे घालून परत तेच काय बघायचं. खरंच एवढा फरक आहे का? 77 मिनिटांचा तर पिक्चर.

नारायण_पेठी
घे. तू बघितलास तो पिक्चर नाही, त्याची झेरॉक्सची झेरॉक्स आहे. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट रिन्यूच झाला नाही त्यामुळे ज्याच्या हाताला जी घासलेली प्रिंट लागली त्याने ती विकली. चांगली 35 एमएमची एक प्रिंट युनिव्हर्सलकडे होती, नॉयर म्हणजे जुन्या काळोख्या क्राइम पिक्चरांचा जाणकार एडी मुलर, त्याने ती शोधून सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉयर सिटी फेस्टिव्हलला दाखवलीसुद्धा, आणि 2008 मध्ये युनिव्हर्सलच्या बॅकलॉटला आग लागली त्यात ती गेली. संपलं असंच सगळ्यांना वाटलं. पुढे लंडनच्या बीएफआयकडे, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे, ड्यूप म्हणजे नकलेचं मटेरियल निघालं, त्यावरून यूसीएलए विद्यापीठाच्या आर्काइव्हने मुलरच्या फिल्म नॉयर फाउंडेशनबरोबर रिस्टोरेशन केलं, 2015च्या नॉयर सिटीत ते दाखवलं आणि मग डिस्क आली.
हे वाचलं तेव्हा मला आपली 2003ची आग आठवली, पुण्यात लॉ कॉलेज रोडवरची, फिल्म आर्काइव्हच्या रिळांची. पटकन पेट घेणारी नायट्रेटची रिळं, कितीतरी जुने सिनेमे एका दुपारीत गेले, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं दुसरं मटेरियल परदेशात कुणाच्या कपाटात निघेल अशी आशा पण नाही. म्हणून असं काही वाचलं की मी जरा जास्तच भावूक होतो, सोडा.
फरक विचारलास ना, त्या दुकानाच्या शोकेसमधल्या पुतळ्यांचा सीन आठव. नवरा चित्रकार, पोटासाठी दुकानात काम करतो, आणि त्या पुतळ्यांचे चेहरे त्याने बायकोवरून बनवलेत. यूट्यूबवर ते नुसते पांढरे डाग दिसतात. ब्लू-रेवर पुतळ्याचा चेहरा दिसतो, मग तिचा चेहरा दिसतो, आणि संसार मोडलाय असं अर्धा तास फटकळपणे सांगणारी ही बाई तिथे गप्प होते. ते दिसलंच नाही तर पिक्चर कळला कुठे?

बी_ग्रेड_भक्त
थोडं पाणी ओततो. ड्यूपवरून केलंय, ओरिजिनल निगेटिव्हवरून नाही, तेव्हा आरशासारखं लख्ख मिळेल असं समजू नकोस, ग्रेन म्हणजे दाणेदारपणा आहे आणि काही शॉट मऊच आहेत. आणि पिक्चर चांगला असला तरी मधे थोडा रेंगाळतो हे माझं मत, शिव्या घाला. शिपिंग आणि कस्टम्स धरून माझ्या एका डिस्कचे पैसे महिन्याच्या भाजीएवढे झाले होते आणि वर डबा फुटून आला, आत डिस्क खुळखुळ्यासारखी वाजत होती.
महत्त्वाचं म्हणजे ऑर्डरआधी रीजन बघ, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. ब्लू-रेला आपण रीजन सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. डीव्हीडीला आपण 5 आणि अमेरिका 1. बाकी पिक्चरमध्ये नवऱ्याच्या शोधात तिच्याबरोबर फिरणारा तो पत्रकार सुरुवातीपासून इतका गोड बोलतो तेव्हाच मला

नारायण_पेठी
अरे ए, पुढे बोलू नकोस, लोक वाचतायत!!

बी_ग्रेड_भक्त
सॉरी सॉरी. तसंही पिक्चर स्वतःच अर्ध्यात सांगून टाकतो की. गंमत खुनी कोण यात नाहीच, तिला कधी कळतं यात आहे.

फ्रीमाँटची_काकू
मी बे एरियात राहते म्हणून माझी दोन आण्याची भर. शेवटचा रोलर कोस्टर गोष्टीत सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून दाखवलाय पण शूटिंग सांता मोनिकाच्या ओशन पार्क पिअरवर झालंय, इथले जुने लोक लगेच ओळखतात. त्यात ती खदाखदा हसणारी यांत्रिक बाहुली आहे ना, लाफिंग सॅल, तशीच एक इथल्या म्युझे मेकॅनिक या जुन्या यांत्रिक खेळांच्या म्युझियममध्ये आहे, पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्लेलँड या जत्रेसारख्या पार्कात होती. नाणं टाकलं की हलत हलत हसते. माझी नात पहिल्यांदा भोकाड पसरून रडली होती. पिक्चरमध्ये बायको वर कोस्टरमध्ये अडकलीये, खाली नवरा आणि तो दुसरा, आणि कानात ते हसू. चांगल्या आवाजात ऐका एकदा, मग नाही विचारणार घेऊ का म्हणून. डिस्कवर मुलरची कॉमेंटरी आहे आणि रिस्टोरेशनवर छोटी डॉक्युमेंटरी पण, ती आधी बघू नका.

नाशिकचा_निशाचर
सगळ्यांचे आभार. काल घरी सुरुवात लावून दाखवली, त्याच भिकार प्रिंटवर. इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात डोकावतो आणि तिथे कुत्र्याच्या खाण्याशिवाय काही नसतं, तिथे ही जी हसायला लागली, म्हणाली या बाईचं पुढे काय होतं ते नीट बघायचंय. म्हणजे मंजुरी मिळाली. आता एवढंच सांगा, रीजन डब्यावर कुठे लिहिलेला असतो? आणि त्या पॅकमध्ये डीव्हीडी पण आहे म्हणतात, ब्लू-रे नाही चालली तर निदान ती?

बी_ग्रेड_भक्त
मागच्या बाजूला, खाली, छोटं चिन्ह असतं, ब्लू-रेला त्यात अक्षर आणि डीव्हीडीला पृथ्वीच्या गोळ्यात आकडा. डीव्हीडी आहे पॅकमध्ये, पण तुझा प्लेअर कुठला ते आधी सांग.