सरकारी कचेरीच्या दारावरची 'शस्त्रास मनाई' पाटी: बंदी घालणाऱ्यावर जबाबदारी येते की नाही?

आडवाट

गेल्या महिन्यात गाडीचा कर भरायला शहराच्या कचेरीत गेलो होतो. मी व्हर्जिनियात राहतो. पिस्तुलाचा परवाना काढून बारा वर्षं झाली आणि बाहेर पडताना ते बहुतेक वेळा अंगावर असतं. दारावर पाटी होती, आत शस्त्र नेण्यास मनाई. मी मुकाट्याने परत गाडीकडे आलो. पार्किंगमध्ये लोकांची ये-जा चालू होती. सीटवर वाकून होल्स्टरसकट पिस्तूल काढलं, डिकीतल्या लोखंडी पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. शेजारच्या गाडीतला एक लहान मुलगा टक लावून बघत होता. त्याच्या आईने त्याचा दंड धरून त्याला लांब नेलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आत गेलो तर मेटल डिटेक्टर नाही, पहारेकरी नाही, कोणाची पिशवीही कोणी बघत नाही. नुसती काचेवर चिकटवलेली पाटी.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्या मनात पाप आहे तो पाटी वाचून मागे फिरत नाही. मागे फिरतो तो माझ्यासारखा. सरकार मला सांगतं की स्वतःच्या रक्षणाचं साधन बाहेर ठेव. ठीक आहे, ठेवतो. मग आत माझं रक्षण कोण करणार? याचं उत्तर अमेरिकी कायद्यात 'कोणीही नाही' असं आहे. कोलोरॅडोतल्या एका आईकडे नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम होता. तो तीन मुलींना घेऊन गेला, ही रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली आणि तिन्ही मुली मारल्या गेल्या. २००५ साली कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांनी हुकूम बजावलाच पाहिजे असा तिचा घटनादत्त हक्क नाही.

व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत ३१ मे २०१९ ला बारा जण मारले गेले. कर्मचाऱ्यांनी कामावर शस्त्र आणू नये असा पालिकेचा नियम होता. मेलेल्यांपैकी एका बाईने आदल्याच रात्री पिस्तूल न्यावं का असा विचार केला होता आणि नियमामुळे नेलं नाही, असं तिच्या कुटुंबाच्या वकिलांनी नंतर सांगितलं. पुढच्या वर्षी राज्याने शहरांना अशा बंदीची मुभा दिली आणि आमच्या दारावर पाटी आली.

बंदी घाला, माझी हरकत नाही. पण मग दारात तपासणी हवी, पहारा हवा, पिस्तूल ठेवायला कप्पे हवेत. एवढं जमत नसेल तर पाटी काढा. मतं सांगा.

खिडकी चार

तुमचा प्रामाणिकपणा कळतो, म्हणून मीही मनापासून लिहिते. मी काउंटीच्या कचेरीत काउंटरवर बसते. आमच्या राज्यात आता परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं (अशी २९ राज्यं झाली) आणि आमच्या इमारतीत बंदी नाही. कमरेला पिस्तूल लावलेला माणूस समोर उभा राहतो तेव्हा काउंटरच्या या बाजूला काय होतं ते तुम्हाला सांगते.

एका गृहस्थांचा अर्ज अपुरा होता, एक कागद कमी. एरवी मी सरळ सांगते, हा कागद आणा, मग घेऊ. त्या दिवशी ते काउंटरवर कोपर टेकून उभे होते, जाकीट मागे सरकलं होतं आणि पिस्तुलाची काळी मूठ बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होती. त्यांनी आवाजही चढवला नाही. पण मी अर्ज घेतला. शिक्का मारला. हात थरथरत होता म्हणून शिक्का दोनदा मारावा लागला. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आजींचाही तोच कागद कमी होता, त्यांना मी परत पाठवलं. ते मला अजून बोचतं. नियम एकच होता आणि मी तो दोघांना वेगळा लावला.

त्या गृहस्थांनी काही गुन्हा केला का? नाही. पण सरकारी काउंटरवर सगळे सारखे, हा हक्क आजींचाही होता ना?

आणि तुम्ही कोलोरॅडोच्या आईचं उदाहरण दिलंत. अशा बायका आमच्याकडे येतात. मनाई हुकुमाचे अर्ज कसे भरायचे ते सांगणारं टेबल याच इमारतीत आहे. हुकूम झाला, सुनावणी झाली, की नवऱ्याला शस्त्र बाळगायला मनाई होते. तो कायदा योग्यच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने म्हटलं. पण ती बाई अर्ज मागायला येते त्या दिवशी त्याचं पिस्तूल संपूर्ण कायदेशीर असतं. तो तिच्या मागोमाग आला आणि बाकावर नुसता बसून राहिला, तर मी त्याला उठ म्हणू शकत नाही. ती अर्ज न घेता निघून जाते.

आडवाट

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजींच्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही.

पण बाकावर बसलेल्या त्या नवऱ्याचं बघा. नुसती पाटी असती तर त्याने पिस्तूल शर्टाखाली घातलं असतं आणि तिथेच बसला असता. तुम्हाला दिसलं नसतं एवढाच फरक. त्याला अडवतं ते मेटल डिटेक्टर. म्हणजे आपण दोघं एकच गोष्ट मागतोय असं मला वाटतं.

जुनी वही

कायद्याचा भाग थोडा नीट मांडतो, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट गोष्टी बोलल्या जातात.

हा वाद सातशे वर्षं जुना आहे. इंग्लंडमध्ये १३२८ साली नॉर्थॅम्प्टनचा कायदा झाला, त्यात राजाच्या न्यायाधीशांसमोर आणि अधिकाऱ्यांसमोर हत्यारं घेऊन येऊ नये असं स्पष्ट आहे. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. ती व्यक्तीला शस्त्राचा हक्क देते हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालात ठरलं, पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की शाळा आणि सरकारी इमारती अशा संवेदनशील जागांवरच्या बंदीवर आम्ही शंका घेत नाही. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि जुनी उदाहरणं म्हणून विधिमंडळ, मतदान केंद्र आणि न्यायालय यांची नावं घेतली. आता या तीन जागांचं सूत्र कर भरायच्या खिडकीला, ग्रंथालयाला, पोस्टाला लागू होतं का, यावर खालची न्यायालयं भांडताहेत. जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका संघीय न्यायाधीशांनी टपाल कर्मचाऱ्यावरचा, पोस्टाच्या इमारतीत पिस्तूल नेल्याचा, आरोप रद्द केला. त्याआधी २०१५ मध्ये कोलोरॅडोच्या प्रकरणात अपील न्यायालयाने पोस्टाची बंदी उचलून धरली होती, तीही पार्किंगसकट.

आडवाट यांचा मुद्दा काही अभ्यासकही मांडतात. जुन्या काळी जिथे बंदी होती तिथे बहुतेक सरकारचा पहाराही होता, म्हणून पहारा असेल तिथेच बंदी वैध. युक्तिवाद चांगला आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि पाटीला नुसतं कागद म्हणू नका. संघीय इमारतींच्या कायद्यात दारावर ठळक पाटी नसेल आणि तुम्हाला माहितीही नसेल तर शिक्षाच होत नाही. उलट टेक्सासमध्ये परवानाधारकाला जिथे हक्क आहे तिथे सरकारी कचेरीने चुकीची पाटी लावली तर कचेरीलाच दिवसाला हजार ते दीड हजार डॉलर दंड आहे. दुसऱ्यांदा केलं तर दहा हजारांच्या वर. पाटीला कायद्यात वजन आहे, दोन्हीकडून.

पाणवठा

माझा बंदीला विरोध आहे आणि कारण वेगळं आहे. या बंद्या जन्माला कशा येतात ते बघा. २ मे १९६७ ला ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे तीसेक स्त्री-पुरुष भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन सॅक्रामेंटोला, कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तेव्हा ते कायदेशीर होतं. ओकलंडमध्ये काळ्या वस्तीत पोलीस कसे वागतात यावर ते बंदुका घेऊन लक्ष ठेवत असत, आणि तेच थांबवण्यासाठी आलेल्या मलफर्ड विधेयकाचा निषेध करायला ते गेले होते. काही आठवड्यांत विधेयक मंजूर झालं, सही केली गव्हर्नर रेगन यांनी. शस्त्र-हक्काच्या नावाने चालणाऱ्या एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला होता.

त्याआधी १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला. नाकारला गेला. कोणाच्या हातातलं शस्त्र 'संवेदनशील' ठरतं हे ज्याच्या हाती शिक्का असतो तो ठरवतो, आणि बहुतेक वेळा दुबळ्याच्या विरुद्ध ठरवतो. नागरी हक्क म्हणायचं तर याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

खिडकी चार

पाणवठा, १९६७ चं सगळं खरं आहे. पण सॅक्रामेंटोबरोबर लान्सिंगही ठेवा. ३० एप्रिल २०२० ला मिशिगनच्या विधानभवनात लोक रायफली घेऊन शिरले, सभागृहाच्या वरच्या गॅलरीत उभे राहिले आणि खाली आमदार काम करत होते. काही आमदारांनी बुलेटप्रूफ जाकिटं घातली होती. तेव्हा तेही कायदेशीर होतं. खालच्या आमदाराने मत कोणाला विचारून द्यायचं? मतदाराला की वर उभ्या असलेल्याला?

आणि व्हर्जिनिया बीचबद्दल. त्या बाईंची गोष्ट वाचून मलाही गलबलून येतं. पण गोळ्या झाडणारा त्याच इमारतीतला अभियंता होता, पिस्तुलं त्याने कायदेशीर विकत घेतली होती. त्या दुपारपर्यंत तो तुमच्याच रांगेतला, नियम पाळणारा माणूस होता. मी काउंटरवरून दोघांत फरक कसा करू?

दूरदेशी

मी भारतातून वाचतोय. आपल्याकडे हा प्रश्न घटना लिहितानाच सुटला असं मला वाटतं. अनुच्छेद १९ मध्ये 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क आहे. 'विनाशस्त्र' हा शब्द हक्काच्या आतच आहे. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत शांततेने जमण्याचा हक्क आहे, पण हा शब्द नाही, आणि सगळी भानगड तिथे आहे.

याला इतिहास आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग इतका होता की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो मूलभूत हक्कांत आणायचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी विरोध केला आणि तो बारगळला. ज्या माणसाने गावगुंडीचा अनुभव स्वतः घेतला त्याने हा हक्क नाकारला, याचा विचार पाणवठा यांनी जरूर करावा.

पाणवठा

करतो. बाबासाहेबांचा राज्यसंस्थेकडून दुबळ्याच्या रक्षणाची हमी घेण्यावर भर होता आणि ती हमी त्यांनी घटनेत लिहून घेतली. इथे कॅसल रॉकने तशी हमी नाही असं सांगितलंय. हमी नाही आणि साधनही नाही, असं दोन्हीकडून कसं चालेल? माझा मुद्दा तिथेच आहे.

जुनी वही

तपासणी म्हणजे काय हे दोन घटनांवरून बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये मेटल डिटेक्टर होतं. २७ नोव्हेंबर १९७८ ला माजी नगरसेवक डॅन व्हाइट ते चुकवायला तळघराच्या खिडकीतून शिरला आणि त्याने महापौर मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वे मिल्क यांना मारलं. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये २३ जुलै २००३ ला नगरसेवक जेम्स डेव्हिस आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःबरोबर आत घेऊन गेले. नगरसेवकांना तपासणी नव्हती, पाहुण्यालाही झाली नाही. त्याने गॅलरीत डेव्हिस यांना गोळ्या घातल्या. डेव्हिस माजी पोलीस होते, त्यांच्या अंगावर पिस्तूल होतं, ते काढायची उसंतही मिळाली नाही. मारेकऱ्याला खालून एका पोलिसाने टिपलं. त्यानंतर महापौर ब्लूमबर्ग यांनी स्वतःसकट सगळ्यांना डिटेक्टरमधून जायला लावलं.

म्हणजे अंगावरचं पिस्तूल वाचवेलच असं नाही, आणि तपासणीला एक जरी अपवाद ठेवला तरी ती तपासणी राहत नाही.

आडवाट

डेव्हिस यांची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून बराच वेळ नुसता बसलो. पिस्तूल जवळ असलं की आपण वाचू, हे मी बारा वर्षं धरून चाललोय आणि ते इतकं पक्कं नाही.

तरी माझी मागणी तीच आहे. पुढच्या कौन्सिल बैठकीत जनतेला बोलायला तीन मिनिटं मिळतात. तिथे एवढंच मागणार आहे की दारात डिटेक्टर, एक माणूस आणि कुलपाचे कप्पे द्या. कौन्सिलच्या सदस्यांनाही त्यातूनच जाऊ द्या. कप्पे झाले तर पार्किंगमध्ये पोरांसमोर पिस्तूल काढायची वेळ येणार नाही, आणि गाड्या फोडून पिस्तुलं चोरीला जातात तेही काही प्रमाणात थांबेल. ताई, तुम्ही आत बसता, काही राहून जात असेल तर सांगा.

खिडकी चार

दोन गोष्टी. कप्पे दाराच्या बाहेरच्या बाजूला मागा, रांगेच्या तोंडाशी नको. होल्स्टरमधून काढताना सुटलेली गोळी कोणाच्याही पायात शिरू शकते, आणि त्या रांगेत लहान मुलं असतात. भिंतही कोणती आहे ते बघून घ्या, पलीकडे आमच्यासारखं कोणी बसलेलं असेल.

दुसरं म्हणजे किल्लीचं ठरवून घ्या. किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहू दे, काउंटरवर जमा करायला लावू नका. दिवसाला शंभर अर्ज बघून वर दहा पिस्तुलांचा हिशोब आम्हाला नको. आणि चिडून बाहेर पडलेल्या माणसाच्या हातात त्याची किल्ली मी तर देणार नाही.