नाताळाला पीएस५ (सोनीचा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) च्या कोणत्या डिस्क भराव्यात? (म्हापसा, बजेट ६०,०००)

म्हापसेकर_०७
मोबाइलच्या दुकानात गेमच्या डिस्कचा एक कप्पा सुरू करायचाय. किंमत सारखीच, तरी एक गेम आठवड्यात संपतो आणि दुसरा वर्षभर धूळ खातो, हे कशामुळे? कोणते आणि किती नग घ्यावेत?

जुना_कंट्रोलर
गेम चांगला असणं तिसऱ्या नंबरवर. आधी तो चालेल असा कन्सोल किती घरांत आहे ते बघा, मग मित्रमंडळी तो खेळतात का ते. मारिओ कार्ट ८ हा २०१४ मध्ये निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर आला, सुमारे ८४ लाख प्रती गेल्या. वी यू मुळात खपला १ कोटी ३५ लाख, म्हणजे पाचांतल्या तिघांनी गेम घेतला होता! तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये निन्टेंडोच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. गेम तोच, घरं वाढली.

जीटीए ५ हा २०१३ चा, पण ऑनलाइन भाग अजून जोरात आहे. जुना म्हणून वगळू नका. उलट सोनीने कॉनकॉर्ड हा नुसता ऑनलाइन चालणारा गोळीबाराचा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये ४० डॉलरला आणला, त्या धर्तीचे गेम फुकट मिळत असताना. दोन आठवड्यांत बंद. नुसत्या ऑनलाइन चालणाऱ्या नव्या गेमची डिस्क पहिल्या महिन्यात भरूच नका.

मडगाव_किकऑफ
गोव्यात पहिला मान फुटबॉलला. पण ईए एफसी हा फुटबॉलचा गेम दर सप्टेंबरात नवा येतो आणि त्यातल्या अल्टिमेट टीम या संघ बांधायच्या भागात जमवलेले खेळाडू त्यात नेता येत नाहीत, म्हणून मागच्या वर्षीची डिस्क कोणी हातात धरत नाही. आता नव्या एफसीचे ५ नग घ्या, जानेवारीत २, एप्रिलनंतर फक्त ऑर्डरवर. जीटीए ५ चे ३ नग, स्पायडर-मॅनसारख्या कथेच्या गेमचे २. उरलेल्या पैशांत वापरलेल्या डिस्क घ्या. कथेचे गेम संपले की लोक स्वतःच विकायला आणतात, त्यामुळे तो माल तुम्हाला सतत मिळत राहील.

म्हापसेकर_०७
गल्फहून येणारे लोक डिस्क आणून देतात. त्या चालतील?

जुना_कंट्रोलर
गेम चालतो, डीएलसी (गेमला नंतर विकत घेऊन जोडायची भर) अडकतं. डिस्क दुसऱ्या रीजनची (वेगळ्या देशांच्या गटासाठी काढलेली) आणि खातं भारताचं असेल, तर इथल्या स्टोअरमधून घेतलेलं डीएलसी त्या डिस्कला लागत नाही. गिऱ्हाईकाला आधीच सांगा. वापरलेल्या गेमच्या डब्यात डिस्कऐवजी गेम डाउनलोड करायचा नुसता कोड तर नव्हता ना, तेही उघडून बघा. एकदा वापरलेला कोड म्हणजे रिकामा डबा.

आणि विकण्याआधी प्रत्येकाला विचारा, पीएस५ ला डिस्क ड्राइव्ह आहे का. डिजिटल एडिशनला नसतो. २०२३ च्या स्लिम मॉडेलच्या डिजिटल एडिशनला वेगळा घेऊन लावता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

मडगाव_किकऑफ
पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी धरते, कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डिस्क पुसायची ती मऊ कोरड्या कापडाने, मधून कडेकडे. गोल फिरवून पुसलीत तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो, आणि तो वाचताना जास्त नडतो.