अनुभव धागा: वाईचा कृष्णाकाठ आणि भोवतालचे डोंगर, तुम्ही कुठून पळता?

नोकरीमुळे वाईला येऊन चार वर्षं झाली. पहिल्या महिन्यात मोबाईलवरचा नकाशा बघून पळायचो. नकाशात अंतर कळतं, पण कुत्री कुठल्या वळणावर झोपतात आणि पाण्याचा नळ कुठे आहे, ते कळत नाही. म्हणून हा धागा. रस्ता लिहा, वेळ लिहा, आणि नवख्याला ठाऊक नसेल अशी एक तरी गोष्ट लिहा. 'निसर्गरम्य' एवढ्यावर भागवू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. गणपती घाट, मेणवली, धोम आणि परत, असे १६ किलोमीटरच्या आसपास होतात. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागे नदीच्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. कमी पळायचं असेल त्या दिवशी तिथूनच मागे फिरतो. पुढे ऊस आणि हळद. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात हळद शिजवायला घेतात. तो ओल्या मातीसारखा उग्र वास धाप लागलेली असताना थेट घशात उतरतो. पहिल्यांदा मला मळमळलं होतं, आता त्या वासाची वाट बघतो. धोमला नरसिंहाच्या देवळाच्या आवारात महादेवासमोर कासवावर बसलेला नंदी आहे, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. तिथे पाच मिनिटं बसलो की परतीचं अर्धं अंतर जड जातं. बसू नका.

घाटवाला
मी पसरणी घाटाचा. वाईतून पाचगणी १२ किलोमीटर आणि चढ ६०० मीटरच्या जवळपास. ऐकायला भयंकर वाटतं, पण घाट गाड्यांसाठी काढलेला असल्याने चढ एकसारखा आहे. छातीवर येणारा टप्पा कुठेच नाही. दत्तमंदिरापर्यंत जो बोलत बोलत पळू शकतो, तो वर पोचतोच.

मला मारलं ते उताराने. साताऱ्याच्या २१ किलोमीटरच्या हिल मॅरेथॉनची तयारी चालली होती. तिथे यवतेश्वरचा घाट चढून परत खाली यायचं असतं. मी मात्र तीन महिने फक्त चढायचो आणि पाचगणीच्या स्टँडवरून एसटीने घरी. स्पर्धेत चढ मजेत गेला. उतरताना १५ व्या किलोमीटरला मांड्या अशा भरून आल्या की पाय माझे राहिलेच नाहीत. पुढचे चार दिवस घरचा जिना उलटा, पाठमोरा उतरत होतो. आई म्हणाली, "एवढे पैसे भरून हे करून घेतलंस?"

त्यानंतर उतार वेगळा शिकलो. टाच आपटत, ब्रेक लावत उतरायचं नाही. पावलं आखूड टाकायची, अंग किंचित पुढे, नजर दहा पावलांवर. पहिल्या दिवशी दोनच किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. आणि वळणावर डोंगराच्या बाजूला चिकटू नका. गाडी अंगावर येईपर्यंत ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. बाहेरच्या कडेने लांबून दिसता. माकडांसमोर खिशातून काही काढू नका. एनर्जी जेलचं पाकीट त्यांनाही ओळखू येतं.

पसरणीहून
आमचं गाव लोकांना शाहीर साबळ्यांचं म्हणून माहीत. सध्या मात्र पहाटे गावातून जो पळतो तो भरतीचा. आम्ही सात-आठ पोरं आणि तीन पोरी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतात, त्यामुळे तुमचे २१ किलोमीटर आम्हाला कामाचे नाहीत. कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता सपाट आहे. तिथे चुन्याने खुणा केल्यात. मातीवर पाय कमी दुखतात. पण भरती डांबरावर किंवा सिंथेटिक ट्रॅकवर झाली की वेळ बदलते, म्हणून आठवड्यातून एकदा डांबर. पाऊस झाला की कॅनॉलवर जाऊ नका. कडेच्या काँक्रीटवर शेवाळ धरतं आणि आत गेलेला माणूस बाहेर यायला जागा नसते. आमच्यातला एकजण गेला होता. पाणी बंद होतं म्हणून गुडघ्यावर निभावलं.

आणि एक. शहरातनं येणारे दादा लोक आमच्या खुणा पायाने पुसतात. बाजूनं पळा की.

रोज सहाची
वय ५१. मी बावधनच्या बाजूला पळते. सुरुवातीला लाज वाटायची, म्हणून ओढणी घेऊन पळायचे. एकदा पहाटेची एसटी मागून आली, हळू झाली आणि कंडक्टरने दार उघडलं. "बसा काकू, पळू नका, थांबवतो की गाडी!" मी हाताने 'जा जा' म्हणतेय आणि आतले सगळे खिडकीतून बघतायत. शेवटी चढले. नाही म्हणायचं जमलंच नाही. पुढच्या फाट्यावर उतरून तिकिटाचे पैसे देऊन उलटी पळत घरी आले. आता तो कंडक्टर नुसता हॉर्न देतो.

बायकांसाठी खरा प्रश्न अंधाराचा आहे. हिवाळ्यात सहालाही काळोख असतो, त्यामुळे मी नोव्हेंबर ते जानेवारी सातला निघते. मग उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि कडेने लोंबणारी वाढी, म्हणजे उसाच्या शेंड्याची पानं, तोंडावर फटकारतात. ट्रॅक्टर दिसला की मी रस्ता सोडून मातीत उतरते. कारखान्याचा हंगाम असेपर्यंत मोठा रस्ता विसरा.

घाटवाला
@रोज सहाची, दिवे नसलेल्या ट्रॉलीला मीही एकदा जवळजवळ धडकलो होतो. पाठीवर चमकणारी पट्टी लावा, शंभर रुपयांच्या आत मिळते.

बावधनकर
रंगपंचमीला आमच्याकडे कुणी पळायला येऊ नये. बगाड असतं, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला टांगून ओढायचा गाडा. सोनेश्वराकडून, नदीकाठावरून बैल जुंपून बगाड गावात ओढतात आणि रस्ता माणसांनी गच्च भरतो. दोन वर्षांपूर्वी एक पुणेकर कानात गाणी लावून बरोबर मधे आले होते. गुलालाने त्यांचे बूट ओळखू येईनात. जेवूनच पाठवलं त्यांना.

तोच पुणेकर
बूट अजून गुलाबी आहेत.

वासोळ्याकडचा
धोम धरणाच्या मागे, जलाशयाच्या कडेने आमच्याकडे कुणी येत नाही, कारण अंतर जास्त आणि दुकान नाही. पण पळायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. डावीकडे पाणी, समोर कमळगड. पाणी उतरलेलं असलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर लोक पिकं घेतात, त्या बांधांवरून जाऊ नका. कमळगडाचा चढ पळण्याचा नाही, जंगलातून चालायचा आहे. आम्ही तिघे एकदा 'ट्रेल' म्हणून पळत गेलो. वर कावेची विहीर आहे, कातळात खोल उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाला लाल गेरू. तिघेही लाल होऊन आलो. उतरताना पालापाचोळ्याखालचा दगड दिसला नाही, घोटा गेला. खाली एका बाईंनी हळद बांधून दिली, तरी सहा आठवडे बसून काढले.

जोर गावाच्या अंगाला गेलात तर गवे असतात. पहाटे एकट्याने नको. गवा दिसला तर उभं राहायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. तिथे तुमचा वेग कामाचा नाही.

सुरूर फाटा
वाई-सुरूर रस्त्याला जुने वड आहेत. एप्रिलमध्ये नऊ वाजताही त्यांच्याखालून पळता येतं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, वाहतूक फार.

धागाकर्ता
@वासोळ्याकडचा, जलाशयाच्या रस्त्याला पाणी कुठे मिळेल?

वासोळ्याकडचा
कुठल्याही घरी मागा. पण पाण्याबरोबर चहा येतो आणि चहाबरोबर चौकशी. अर्धा तास जास्तीचा धरून निघा.