जमिनीखाली पुरलेला अणुकचरा: लाख वर्षांची सुरक्षितता तपासतात कशी?

कातळखोद
फिनलंडमधल्या ओल्किलुओतो इथलं 'ओंकालो' भांडार जमिनीखाली चारशे मीटरहून खोल खडकात आहे. अणुभट्टीत वापरलेलं इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात, त्यावर सुमारे ५ सेंमी जाड तांब्याचं कवच, भोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी) माती, बाहेर जवळपास १९० कोटी वर्षं जुना खडक. इथवर कळलं. पण प्रयोगशाळेत काही दशकांपलीकडे तपासताच येत नाही, मग लाख वर्षांचा दावा कशावर उभा आहे? मॉडेलमधून हवं ते उत्तर काढता येणार नाही का?

भूजल
'गळणार नाही' हे सिद्ध करायला कुणी बसत नाही. डबा फुटला असं गृहीत धरायचं आणि माणसापर्यंत काय पोचतं ते काढायचं, असा उलटा हिशेब असतो. फिनलंडमध्ये पहिल्या काही हजार वर्षांसाठी मर्यादा आहे वर्षाला ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं, म्हणजे डोसचं माप), तीही सर्वाधिक झळ पोचणाऱ्या माणसासाठी. त्यापुढे लोक कुठे राहतील, काय खातील हे सांगता येत नाही. म्हणून मापच बदलतं: कोणतं मूलद्रव्य वर्षाला किती बेकरेल (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) बाहेर पडलेलं चालेल, ते ठरवून दिलेलं असतं.

लोक घाबरतात प्लुटोनियमला, पण ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि माती-खडकाला चिकटून बसतं. खरा प्रवासी आयोडीन-१२९: अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १.५७ कोटी वर्षं, आणि ऋणभारित असल्यामुळे खडक त्याला अडवत नाही. पोटात गेलेल्या १ बेकरेलमागे डोस ०.११ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे ०.१ मिलिसिव्हर्ट व्हायला वर्षाला सुमारे ९०० बेकरेल लागतात. रोज २ लिटर पाणी धरलं तर विहिरीच्या पाण्यात लिटरला १.२ बेकरेल. फुटक्या डब्यातून विहिरीत इतकं येतं का, एवढाच प्रश्न उरतो.

तांबट
भूजल यांनी डबा फुटलेला धरला, पण तो फुटतो कशाने हेही पाहायला हवं. इतक्या खोलवर पाण्यात ऑक्सिजन नसतो, तिथे तांब्याचा शत्रू म्हणजे पाण्यात विरघळलेलं सल्फाइड, गंधकाचं एक रूप. सल्फाइडचा एक रेणू तांब्याचे दोन अणू खातो. त्या हिशेबाने ५ सेंमीचं कवच एका चौरस सेंमीवर आरपार खायला साधारण ११ ग्रॅम सल्फाइड लागतं. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम असेल, तर ११ हजार लिटर पाण्यातलं सगळं सल्फाइड त्या नखाएवढ्या जागी पोचायला हवं. भोवतीचा बेंटोनाइट घट्ट असेल तर ते केवळ विसरणाने (डिफ्युजनने), थेंबाथेंबाने येतं, आणि सल्फाइड तयार करणारे जिवाणूही त्या घट्ट मातीत वाढत नाहीत.

गडबड होते ती बेंटोनाइट वाहून गेला तर. हिमयुगानंतर वितळलेल्या बर्फाचं जवळजवळ क्षारविरहित पाणी भेगेतून खाली आलं, की फुगलेली माती जेलसारखी सुटत जाते. मग वाहतं पाणी थेट तांब्याला लागतं आणि सल्फाइडचा मारा एकाच पट्ट्यावर होतो. म्हणून माझ्या मते निर्णायक काम मॉडेलमध्ये नाही, खोदकामाच्या जागी आहे: डबा ठेवायच्या पावणेदोन मीटर व्यासाच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी किती झिरपतं ते मोजायचं आणि मोठी भेग छेदून जात असेल तर तो खड्डा सोडून द्यायचा. भूकंपात भेग सरकली तर डब्याने ५ सेंमीपर्यंतचं सरकणं सोसावं, अशी रचना ठेवलेली असते.

'हवं ते उत्तर' म्हणाल, तर स्वीडन पाहा. फोर्समार्कच्या अशाच प्रस्तावावर पर्यावरण न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये तांब्याच्या गंजण्याचेच प्रश्न काढून आधी आणखी पुरावे मागितले. सरकारची मंजुरी आली ती जानेवारी २०२२ मध्ये.

मिठागर
लाख वर्षांच्या नादात पहिली पन्नास वर्षं विसरू नयेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या मीठथरातल्या भांडाराचा कागदोपत्री हिशेब १०,००० वर्षांचा होता. ते १९९९ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप आतल्या आत तापून फुटलं. कारण: नायट्रेट क्षारांचा कचरा शोषायला खनिज मातीऐवजी गव्हापासून बनवलेला, सेंद्रिय शोषक वापरला गेला. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र म्हणजे ऑक्सिडायझर (जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) आणि इंधन शेजारी ठेवणं. भांडार जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. जर्मनीत आस्सेच्या जुन्या मिठाच्या खाणीत सव्वा लाख पिंपं ठेवली आणि १९८८ पासून रोज सुमारे १२ हजार लिटर खारं पाणी आत येतंय. तिथे जागेची निवडच चुकली.

कातळखोद
आणि आपल्याकडे तारापूरला काचेत ओतलेला कचरा आहे, त्यालाही हाच हिशेब लागू होतो का?

भूजल
पद्धत तीच, किरणोत्सारी मूलद्रव्यांची यादी वेगळी. आपण इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो, त्यामुळे युरेनियम-प्लुटोनियम बरंचसं निघून जातं. आयोडीनही इंधन विरघळवतानाच बहुतांश वायूबरोबर सुटतं, काचेत फारसं उरत नाही. मग दीर्घकाळाच्या यादीत टेक्नेशियम-९९, सिझियम-१३५, सेलेनियम-७९ पुढे येतात, आणि तांब्याच्या जाडीच्या जागी बोरोसिलिकेट काच विरघळण्याचा वेग बसतो. तो वेग तापमानाबरोबर वाढतो, म्हणून डबे आधी हवेने थंड होणाऱ्या भांडारात काही दशकं ठेवायचे, मगच खोल पुरायचे. खडक तापल्यावर कसा वागतो याची चाचणी कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर झालेली आहे.